आयटीआय झालं, आता एमआयडीसीत: पहिली नोकरी धरताना

निकाल लागून महिना होत नाही तोच गावातली निम्मी आयटीआयवाली पोरं बॅग भरतात. कुणी चाकण-रांजणगावला, कुणी वाळूजला, कुणी सातपूर-अंबडला, कुणी बुटीबोरीला. आतेभाऊ नाहीतर गल्लीतला कुणीतरी तिथे आधीच असतो. त्याच्या खोलीवर चार दिवस अंग टाकायचं आणि तो ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे आहे त्याच्याकडेच नाव लावायचं, ही रुळलेली वाट. वाट वाईट नाही. पण डोळे मिटून धरली, तर दोन वर्षं कानशीने फाइलिंग करून हात बसवलेला फिटर पॅकिंगच्या टेबलावर खोक्यांना टेप लावत बसतो. काही महिन्यांनी 'ब्रेक' म्हणून कामावरून कमी करतात, आणि पुढच्या गेटवर "कोणत्या मशीनवर होतास?" असं विचारलं की तोंडाला कुलूप.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या वर्षी हजार-दोन हजारांच्या फरकावर नोकरी निवडू नका. मशीन कोणतं मिळणार आणि कागद कोणता मिळणार, हे दोन प्रश्न धरा. घरी कर्जाचा हप्ता चालू असेल तर जास्त पगाराचं काम घ्यावंच लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तेव्हाही हे दोन प्रश्न विचारून मगच हो म्हणा.

पायरी १: निघण्याआधी कागद सरळ करा

आधार, पॅन, दहावीचं मार्कशीट, आयटीआयचं प्रमाणपत्र आणि बँक पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकावर 'ज्ञानेश्वर', दुसऱ्यावर 'ज्ञानेश्वर'चंच वेगळं इंग्रजी स्पेलिंग, तिसऱ्यावर वडिलांचं नाव गायब, हे आपल्याकडे घरोघरी आहे. पीएफचं खातं आधारवर उघडतं, त्यामुळे आज दुर्लक्ष केलेलं एक अक्षर चार वर्षांनी पैसे काढताना आडवं येतं. दुरुस्ती आताच करा, आणि विचार करून करा: आधारवरचं नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. जन्मतारखेला दहावीच्या कागदाचाच आधार घ्या.

बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं नको, सरकारी पैसे थेट जमा होतील असं 'सीडिंग' झालेलं हवं. शाखेत जाऊन तसंच विचारा. पुढे अप्रेंटिस झालात तर याची गरज पडते.

आयटीआयचं प्रमाणपत्र एनसीव्हीटीचं (राष्ट्रीय परिषदेचं) आहे की एससीव्हीटीचं (राज्य परिषदेचं), तेही बघून ठेवा. खासगी कारखान्यात सहसा फरक पडत नाही, काही सरकारी जाहिरातींत मात्र एनसीव्हीटीच मागतात. सगळ्याच्या प्रती डिजिलॉकरमध्ये आणि मोबाइलमध्ये ठेवा. मूळ कागद घरच्या ट्रंकेत. दाखवायला नेले तर त्याच दिवशी परत आणा.

पायरी २: अप्रेंटिस, ट्रेनी, कॉन्ट्रॅक्ट यांतलं काय, हे ओळखा

गेटवर हे शब्द एकाच्या जागी दुसरा असे सर्रास वापरतात, आणि नवख्या मुलाचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. म्हणून थोडं सविस्तर.

खरी अप्रेंटिसशिप अप्रेंटिस कायदा, १९६१ खाली असते. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. तुमचा करार 'अप्रेंटिसशिप इंडिया' या सरकारी पोर्टलवर नोंदला जातो, त्याला नंबर असतो, आणि तुमच्या लॉगिनमध्ये तो दिसतो. दिसत नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाही, समोरचा काहीही म्हणो. विद्यावेतनाला कायद्याने किमान मर्यादा आहे. २०१९ च्या नियमांत ती आयटीआयवाल्यांसाठी महिना ७,००० रुपये ठरली होती, आणि मोठे कारखाने त्याहून बरंच जास्त देतात, वर कॅन्टीन आणि बस. नॅप्स या केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, कमाल १,५०० रुपये, सरकार थेट तुमच्या खात्यात टाकतं. वर सीडिंगचं म्हणालो ते यासाठी.

अप्रेंटिस हा कायद्याने शिकाऊ, कामगार नव्हे. त्यामुळे त्याचा पीएफ कापत नाहीत. मुदत संपल्यावर कायम करण्याचं बंधनही कंपनीवर नसतं. हे ऐकून बरीच मुलं नाक मुरडतात. पण शेवटी परीक्षा देऊन जे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं, त्याची किंमत नंतर कळते. रेल्वेच्या लेव्हल १ (सगळ्यात खालच्या स्तरावरच्या) भरतीत रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा ठेवलेल्या असतात. त्यामुळे मध्य रेल्वेच्या परळ, माटुंगा, कुर्डुवाडी अशा वर्कशॉपांसाठी अप्रेंटिसची जाहिरात येते तेव्हा ती सोडू नका. निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, वेगळी परीक्षा नसते. एसटी महामंडळ, महावितरण, ओझरचं एचएएल, माझगाव डॉक, खडकी-देहूरोड-वरणगावचे आयुध कारखाने हेही अप्रेंटिस घेतात.

दुसरा प्रकार 'ट्रेनी'. याला कायद्यात एकच एक अर्थ नाही. कुठे खरंच सहा महिने शिकवून लाइनवर घेतात, कुठे ट्रेनी म्हणजे नुसता स्वस्तातला हेल्पर. नेमणूकपत्रात मुदत किती, त्यानंतर काय आणि पीएफ आहे का, एवढं वाचा.

तिसरा, एफटीसी, म्हणजे ठराविक मुदतीची नोकरी थेट कंपनीच्या रोलवर, म्हणजे कंपनीच्याच हजेरीपटावर. मिळाली तर चांगली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार अशा कामगाराला एक वर्ष भरलं तरी ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

चौथा, कॉन्ट्रॅक्ट. काम कंपनीत, रोल ठेकेदाराचा. एमआयडीसीत नव्या मुलांपैकी बहुतेक इथूनच आत शिरतात. यात नाव कोणाच्या रजिस्टरला आहे, हे तुम्हाला पाठ असलं पाहिजे: ठेकेदाराच्या फर्मचं पूर्ण नाव, त्याचं ऑफिस, पीएफचा कोड. ठेकेदार पगार बुडवून पळाला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते. पण तुम्ही तिथे काम करत होता हे दाखवायला गेट पास, हजेरीचा फोटो, पगाराची स्लिप यातलं काहीतरी हातात लागतं.

माझा क्रम विचाराल तर: सरकारी किंवा मोठ्या कारखान्यातली अप्रेंटिसशिप, मग एफटीसी, मग मशीनवरचं कॉन्ट्रॅक्ट, आणि सगळ्यात शेवटी पॅकिंग-लोडिंगचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात दोन हजार जास्त मिळत असले तरी.

पायरी ३: बायोडाटा

एक पान पुरे. सायबर कॅफेवाल्याच्या कॉम्प्युटरमधला तयार नमुना, ज्यात 'प्रामाणिक, कष्टाळू, क्रिकेटची आवड' असतं, तो वाचलाच जात नाही. 'लेथचं ज्ञान' असंही लिहू नका. त्याऐवजी लिहा: 'लेथवर फेसिंग, स्टेप टर्निंग, टेपर, नर्लिंग आणि व्ही-थ्रेड केले आहेत. व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि डायल इंडिकेटर वापरता येतात.' इलेक्ट्रिशियनने स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी, मोटर रिवाइंडिंग, मेगरने इन्सुलेशन तपासणी यातलं जे स्वतःच्या हाताने केलंय तेवढंच लिहावं. न केलेलं लिहिलं की पुढच्या पाच मिनिटांत उघडं पडतं. कसं, ते पुढे.

पायरी ४: टेस्ट

कारखान्यातली मुलाखत म्हणजे खुर्चीत बसून 'स्वतःबद्दल सांगा' असलं काही क्वचितच. टूलरूममधला किंवा क्वालिटीचा माणूस खिशातून एक जॉब (मशीनवर केलेला धातूचा तुकडा) काढतो, व्हर्नियर पुढे करतो आणि म्हणतो, "माप सांग." इथे निम्मी पोरं गळतात.

समजा व्हर्नियरचा शून्य मेन स्केलवर २३ आणि २४ च्या मध्ये आहे. मग पूर्ण मिलिमीटर २३. आता व्हर्नियर स्केलवरची कोणती रेघ वरच्या रेघेशी बरोबर जुळते ते बघायचं. १७ वी जुळली. लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी, म्हणून १७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४. माप २३.३४ मिमी. माप घेण्याआधी जबडे बंद करून शून्य जुळतो का हे बघायला विसरू नका. न सांगता एवढं केलं तर समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच फरक दिसतो, कारण हात बसलेला माणूस तो यावरूनच ओळखतो.

मायक्रोमीटरचं तसंच. स्लीव्हवर ७.५ दिसतंय आणि थिंबलची २८ वी रेघ मधल्या रेघेवर आहे: ७.५ अधिक ०.२८, म्हणजे ७.७८ मिमी. शेवटी रॅचेट फिरवूनच घट्ट करायचं, थिंबल पिळायचं नाही. स्लीव्हवरची ती अर्ध्याची रेघ नजरेतून सुटते आणि उत्तर थेट अर्धा मिलिमीटर चुकतं.

याशिवाय हमखास विचारतात ते: एम१० बाय १.५ च्या टॅपला ड्रिल किती (८.५ मिमी, व्यासातून पिच वजा), साधं ड्रॉइंग दाखवून टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) वरची-खालची मर्यादा, सीएनसीसाठी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) जी००, जी०१, एम०३, एम३० म्हणजे काय, आणि फाइव्ह-एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची जपानी पद्धत. फाइव्ह-एसची जपानी नावं पाठ असली तरी ठीक, पण "तुझ्या आयटीआयच्या वर्कबेंचवर काय केलं असतंस?" असं विचारलं तर दोन वाक्यं सांगता आली पाहिजेत. येत नसेल ते "येत नाही सर, शिकेन" म्हणून सोडून द्या. शॉप फ्लोअरवर थापेपेक्षा हे उत्तर जास्त चालतं.

पायरी ५: हो म्हणण्याआधी पगार नीट फोडून घ्या

"वीस हजार पॅकेज" हे शब्द ऐकून घरी फोन लावण्याची घाई नको. आधी विचारा: "हातात किती?" उदाहरण घ्या. एकूण पगार १८,०००, त्यात बेसिक आणि डीए मिळून १२,०००. पीएफ १२ टक्क्यांनी १,४४०. ईएसआयसी (कामगार विमा) १८,००० च्या ०.७५ टक्क्याने १३५. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही). उरले १६,२२५, त्यातून कॅन्टीन आणि बस कापत असतील तर आणखी कमी. आता मालकाचा हिस्सा बघा: पीएफ पुन्हा १,४४०, ईएसआयसी ३.२५ टक्क्यांनी ५८५. १८,००० मध्ये हे मिळवले की २०,०२५. ते 'वीस हजार' इथून आलेले असतात. यात फसवणूक नाही, पण आकडा कुठला हे कळलं पाहिजे.

फसवणूक कुठे होते? मालकाचाही पीएफ तुमच्याच १८,००० मधून कापतात तिथे. स्लिपवर १,४४० च्या जागी २,८८० कापलेले दिसले तर लगेच विचारा. आणि स्लिपच देत नाहीत तिथे काय कापलं हे कळायला मार्गच राहत नाही, म्हणून स्लिप मागायचीच.

कामाचे तास, ओव्हरटाइमचा दर, पगाराची तारीख हेही आधीच विचारा. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायला हवा, पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा, आणि नेमणूकपत्र देणं नव्या संहितांनुसार बंधनकारक आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ओव्हरटाइम 'सिंगल'ने देतात, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही आठवड्यात कळेल. पहिल्या दिवशी भांडा असं मी सांगणार नाही. पण किती तास केले याची रोजची नोंद स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात नुसतं तोंडी सांगून भागत नाही, तिथे तारखा लागतात.

मुलींनी आणखी एक विचारावं: दुसऱ्या पाळीनंतर बस नेमकी कुठे सोडते. 'चौकात' हे उत्तर पुरेसं नाही.

पैसे मागितले की मागे फिरा

रजिस्ट्रेशन फी, ड्रेसचे पैसे, मेडिकलचे पैसे, 'सिक्युरिटी डिपॉझिट' अशी नावं बदलतात. जो तुम्हाला कामाला लावतो त्याला त्याचे पैसे कंपनीकडून मिळतात. स्टँडजवळच्या पहिल्या मजल्यावरच्या 'कन्सल्टन्सी'त हजार-दीड हजार भरून बाहेर पडलेली पोरं पुढच्या आठवड्यात तिथे परत जातात, तेव्हा बोर्ड बदललेला असतो. मूळ मार्कशीट ठेवून घेणारा, कोऱ्या कागदावर किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही मागणारा, एटीएम कार्ड मागणारा, या तिघांपुढे चर्चा करत बसू नका.

पैसे न भरता शोधायचं तर राज्याचं महास्वयं आणि केंद्राचं एनसीएस ही पोर्टलं आहेत, जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार कार्यालयाचे रोजगार मेळावे असतात, आणि तुमच्याच आयटीआयचा प्लेसमेंट विभाग असतो. या शेवटच्याकडे कुणी फिरकत नाही. वास्तविक कारखान्यांची पत्रं आधी निदेशकांच्या टेबलावर येतात. पास झाल्यावरही महिन्यातून एकदा सरांना फोन करत राहा.

पायरी ६: खोली

कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचंच भाडं देऊन, राहणं सुरुवातीला परवडतं. खोली घेताना भाड्यापेक्षा पाळी बघा: तिघे तीन पाळ्यांत असतील तर कुणाचीच झोप होत नाही. कंपनीची बस थांबते तिथून चालत जाता येईल अशी जागा घ्या. चाकणच्या तळेगाव चौकातला ट्रॅफिक बघितला की का ते कळेल. घरमालक पोलिसांकडे भाडेकरू नोंदणी करायला सांगेल, ती करा. पत्त्याचा पुरावा म्हणून पुढे ती कामाला येते.

पायरी ७: पहिले तीन महिने

या काळात एकच गोष्ट सगळ्यांत आधी: दहाही बोटं शाबूत ठेवा. हे गमतीने म्हणत नाही. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक येऊ नये म्हणून. उत्पादनाचा तगादा लागला की कुणीतरी जुना हात एका बटणावर टेप लावून दाखवतो, "असं कर, पटपट होतं." तसं करायचं नाही. सेन्सर बायपास केलेलं मशीन दिसलं तर सुपरवायझरला सांगा, त्याने ऐकलं नाही तर सेफ्टी ऑफिसरला. लेथ आणि ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, फिरता जॉब हातमोजा पकडतो आणि त्याबरोबर हात ओढतो. अंगठी, हातातला दोरा, लांब बाही, गळ्यातलं आयकार्ड सगळं बाहेर. पंढरपूरचा दोरा असला तरी तो पाळीपुरता खिशात.

पगार २१,००० पर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयसीखाली येत असेल तर तुमचा विमा क्रमांक पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. कामावर इजा होऊन घरी बसावं लागलं तर सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के भत्ता यातून मिळतो. अपघात झाला तर 'बाहेर पडलो असं सांग, खर्च आम्ही करतो' हे ऐकू नका. खर्च पहिल्या ड्रेसिंगपुरता होतो, अपघाताची नोंद मात्र कायमची जाते.

दुसरं, वही. खिशात मावेल अशी. मशीनवर अलार्म आला, सेटरने (मशीन जुळवून देणाऱ्याने) काय केलं, कोणता ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) किती बदलला, कोणत्या इन्सर्टने (टूलच्या कापणाऱ्या टोकाने) किती जॉब निघाले, हे पाळी संपल्यावर पाच मिनिटांत लिहायचं. ऑपरेटरचा सेटर होतो तो या वहीतून. सेटरला शिकवायला वेळ नसतो, पण चहाच्या वेळी "तुम्ही मघाशी टूल ऑफसेट मायनस का केला?" असा नेमका प्रश्न विचारला तर सहसा कोणी टाळत नाही. "मला शिकवा ना" म्हणाल तर टाळतील.

पायरी ८: वर्षानंतर पुढे काय

दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. घरची परिस्थिती थोडी सावरली की हा रस्ता सोडू नका, कारण पुढे सुपरवायझरच्या खुर्चीसाठी बहुतेक ठिकाणी डिप्लोमाच मागतात. टर्नर-मशिनिस्टने छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणचा सीएनसीचा कोर्स बघावा. गल्लीतल्या क्लासमध्ये मशीन एक आणि पोरं चाळीस असतात, तिथे पैसे घालण्याआधी मशीनवर प्रत्यक्ष किती तास मिळणार ते लिहून मागा. इलेक्ट्रिशियन-वायरमनने परवाना काढावा. कारखाना सुटला तरी तो हातात राहतो.

पायरी ९: नोकरी सोडताना

पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून दुसऱ्या दिवशी न सांगता दुसऱ्या गेटवर उभं राहायचं, ही एमआयडीसीतली जुनी खोड. त्यात अनुभवाचा दाखला जातो आणि अडकलेल्या पगाराची तर आशाच सोडा. लेखी राजीनामा द्या, त्याची पोच घ्या, मेलवर पाठवला तर उत्तम. हिशेब दोन कामाच्या दिवसांत पूर्ण करायचा असं वेतन संहिता सांगते.

पीएफ काढू नका, नव्या ठिकाणी वर्ग करा. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी मोजली जाते, आणि दर ब्रेकला पैसे काढणाऱ्याची मोजणी दर वेळी पुन्हा शून्यापासून होते. तुमचा १२ आकडी यूएएन (पीएफचा क्रमांक) आयुष्यभर एकच. नव्या ठेकेदाराला तोच द्या, "माहीत नाही" म्हणालात तर तो दुसरा काढेल आणि मग दोन खाती एकत्र करायला तुम्हीच खेपा घालाल. जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकली का ते उमंग अॅपवर बघा. तो टाळाटाळ करत असेल, तर शेवटच्या जमा झालेल्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून सदस्य पोर्टलवरून ती तारीख तुम्हाला स्वतःच टाकता येते.